पिनबॉल मशीनच्या गल्ल्याची किल्ली

प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोजवरचा पिनबॉल खेळत मोठं झालेल्या एकाला जाणून घ्यायचंय की खरी मशिनं शिकागोतच का बनायची, इतका जोरात चाललेला धंदा १९९९ साली जवळजवळ बंद का पडला, आणि आज नवी मशिनं कोण बनवतं, कोणासाठी बनवतं. शिवाय पुण्यात ओळखीच्या घरी १९७०च्या दशकातलं एक अमेरिकन मशीन धूळ खात पडलंय, ते घ्यावं का?

मी शिकागोजवळ राहतो आणि बरीच वर्षं जुनी पिनबॉल मशिनं दुरुस्त करतो. मशीन उघडून बसलं की त्यातला प्रत्येक भाग तिथे का आहे, हे हळूहळू कळायला लागतं. माझं मत असं झालंय की या धंद्याचा सगळा इतिहास एका गोष्टीवरून उलगडतो: मशीनच्या पुढच्या दारामागे नाण्यांचा गल्ला असतो, त्याची किल्ली कोणाकडे आहे? खेळणारा नाणं टाकतो, पण पैसे मोजून मशीन विकत घेणारा वेगळाच असतो, आणि कारखाना त्याच्यासाठी मशीन बनवतो. हा विकत घेणारा बदलला तेव्हा तेव्हा पिनबॉल बदलला, आणि एकदा तो घेणाराच उरला नाही तेव्हा कारखाने बंद झाले.

सुरुवात मात्र आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. मे महिन्याच्या सुट्टीत घराघरांत निघायचा तो बॅगाटेलचा लाकडी बोर्ड: खिळ्यांची अर्धवर्तुळं, गोट्या, उजवीकडे स्प्रिंगचा दांडा. पिनबॉलचा पूर्वज तोच. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बिलियर्डसारख्या टेबलावर हा खेळ काठीने खेळत. पुढे इंग्लंडमधून अमेरिकेत सिनसिनाटीला स्थायिक झालेल्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ साली त्यात सुधारणा करून पेटंट घेतलं. काठी गेली, स्प्रिंगचा प्लंजर आला, टेबल आटोपशीर झालं. आज हजारो डॉलरना मिळणाऱ्या मशीनवरही चेंडू सोडायला बहुधा तोच प्लंजर असतो. जपानमधला पाचिंकोही याच बॅगाटेलच्या घराण्यातला, पण तिकडे बोर्ड उभा केला गेला आणि त्याचा इतिहास वेगळ्याच वाटेने गेला.

धंदा म्हणून पिनबॉलचा जन्म १९३१ सालचा. महामंदीचा काळ होता. शिकागोत डेव्हिड गॉटलीबने ‘बॅफल बॉल’ नावाचा, दुकानाच्या काउंटरवर मावेल असा खेळ काढला. किंमत साडेसतरा डॉलर. एका पेनीत पाच-सात चेंडू मिळायचे. ना वीज, ना दिवे, ना फ्लिपर, म्हणजे बटण दाबून चेंडू परत वर मारणारे दांडे. गुणही खेळणाऱ्याने स्वतः मोजायचे. अशी सुमारे पन्नास हजार मशिनं खपली. हाताला काम नव्हतं, सिनेमाचं तिकीट परवडत नव्हतं, अशा माणसाला एका पेनीत काही मिनिटांची करमणूक मिळत होती. आणि ज्या छोट्या दुकानदाराची विक्री मंदावली होती, त्याला काउंटरच्या कोपऱ्यातून थोडी जास्तीची कमाई. मशीन इतकं स्वस्त की त्याची किंमत पटकन वसूल व्हायची.

मागणी एवढी वाढली की गॉटलीबला पुरवठा जमेना. त्याचीच मशिनं विकणाऱ्या रेमंड मोलोनीने मग १९३२ साली स्वतःचं ‘बॅलीहू’ बाजारात आणलं. तेही पन्नास हजारांच्या घरात गेलं, आणि कंपनीला त्याच मशीनवरून बॅली हे नाव मिळालं. गॉटलीब, बॅली आणि पुढे १९४३ साली सुरू झालेली विल्यम्स या तीन नावांनी हा उद्योग पुढची अनेक दशकं चालवला. तिन्ही शिकागोच्या.

शिकागोच का, याचं उत्तर रेल्वे आणि सुटे भाग. शिकागो हे अमेरिकेच्या रेल्वेचं मोठं जंक्शन. जड पेट्या देशभर पाठवणं इथून सोपं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे इथे नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा धंदा आधीपासून होता. रॉक-ओला, सीबर्ग यांचे ज्यूकबॉक्स इथलेच. त्यामुळे नाणं पारखणारी यंत्रणा बनवणारे, कॉइल गुंडाळणारे, लाकडी कॅबिनेट बनवणारे, काचेवर स्क्रीन प्रिंटिंग करणारे असे सगळे कारागीर एका शहरात, काही मैलांच्या परिसरात होते. नवी कंपनी काढायची तर सगळं स्वतः बनवायची गरज नव्हती. आराखडा तुमचा, कॅबिनेट एकाकडून, छापलेली काच दुसऱ्याकडून, कॉइल तिसऱ्याकडून. पुण्याजवळ भोसरीत किंवा चाकणला एका मोठ्या कारखान्याभोवती लहान वर्कशॉपचं जाळं कसं उभं राहतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. कंपन्या बुडाल्या तरी हे जाळं बराच काळ टिकलं, आणि आजही नवी पिनबॉल कंपनी निघते तेव्हा ती बहुतेकदा शिकागोच्या उपनगरांत निघते ती याच कारणाने.

आता गल्ल्याकडे येऊ. व्यवहार असा चालायचा: कारखाना वितरकाला विकणार, वितरक ऑपरेटरला. ऑपरेटर म्हणजे अनेक मशिनांचा मालक. तो ती बारमध्ये, बोलिंग अ‍ॅलीत, कपडे धुण्याच्या दुकानात, बसस्थानकात ठेवायचा. आठवड्या-दोन आठवड्यांनी येऊन गल्ला उघडायचा, जागेच्या मालकासमोर नाणी मोजायची आणि साधारण निम्मे-निम्मे वाटून घ्यायचे. रबर बदलणं, दिवे बदलणं, अडकलेलं नाणं काढणं ही कामंही त्याचीच. मशीन बनवणाऱ्या प्रत्येक डिझायनरच्या डोळ्यांसमोर हाच माणूस असायचा. एक डाव दोन-तीन मिनिटांत संपायला हवा, कारण तेवढ्यात पुढचं नाणं पडायला हवं. पण हरलेल्याला वाटायला हवं की थोडक्यात हुकलं. या दोन गोष्टींचा तोल साधणं ही पिनबॉलच्या डिझाइनची खरी कला, आणि ती व्यापारी गरजेतून जन्मली म्हणून मला ती कमी दर्जाची वाटत नाही.

हॅरी विल्यम्सचं उदाहरण घ्या. पुढे विल्यम्स कंपनी काढणारा हा स्टॅनफर्डमध्ये शिकलेला इंजिनियर, सुरुवातीला लॉस एंजेलिसला काम करायचा. १९३३ साली त्याने ‘कॉन्टॅक्ट’ या मशिनात बॅटरीवर चालणारा सोलनॉइड, म्हणजे वीज मिळताच दांडा ओढून झटका देणारी कॉइल, घातला. चेंडू खड्ड्यात पडला की वीज त्याला बाहेर उडवायची, घंटी वाजायची. तोवर चेंडू एकदा पडला की संपला. आता तो परत येऊ लागला. टिल्टही त्याचंच काम. लोक मशीन हलवून, उचलून, खालून ठोसे मारून गुण मिळवायचे, म्हणजे ऑपरेटरच्या पदराला खार. यावर शेवटी टिकलेला उपाय म्हणजे लंबक: धातूच्या कड्यात टांगलेला एक लोलक. मशीन जोरात हललं की लोलक कड्याला टेकतो, सर्किट पूर्ण होतं, डाव खलास. हाच लोलक आजच्या नव्या मशिनातही तसाच टांगलेला असतो. सॉफ्टवेअर बदललं, पडदे आले, लोलक तोच राहिला. आणि यातून खेळाला एक अंगही मिळालं, कारण थोडं हलवायला परवानगी आहे, फार हलवायला नाही. किती हलवायचं हे हाताला कळणं हेच चांगल्या खेळाडूचं लक्षण.

जुगाराचा अध्याय मात्र या धंद्याला फार महाग पडला. १९३०च्या दशकाच्या मध्यात रोख पैसे बाहेर टाकणारी पिनबॉल मशिनं निघाली. त्या काळी फ्लिपर नव्हते, हेही लक्षात घ्या. चेंडू सोडला की त्यावर खेळणाऱ्याचा ताबा जवळजवळ संपायचा. मग हा कौशल्याचा खेळ की नशिबाचा? न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांचं मत ठाम होतं. जानेवारी १९४२मध्ये शहरात बंदी आली, पोलिसांनी धाडी घालून मशिनं गोळा केली, आणि स्वतः महापौर हातोड्याने ती फोडत असल्याची छायाचित्रं छापून आली. युद्ध चालू होतं, धातू लष्कराला हवा होता, शाळकरी मुलांच्या खिशातली नाणी गुन्हेगारी टोळ्यांकडे जातात असा आरोप होता. लॉस एंजेलिसमध्येही बंदी होती. आणि ज्या शहरात ही मशिनं बनत होती त्या शिकागोतही कित्येक दशकं ती सार्वजनिक जागी लावायला मनाई होती. इथल्या कारखान्यांत दिवसभर पिनबॉल जोडणारे कामगार संध्याकाळी शहरात कुठेही तो खेळू शकत नव्हते.

रोख बक्षिसाऐवजी मग ‘रीप्ले’ आला: ठरावीक गुण झाले की एक डाव फुकट. जुन्या मशिनात त्या क्षणी ‘खट्’ असा जोरदार आवाज येतो. आत एक सोलनॉइड लाकडावर किंवा पत्र्यावर दाणकन आपटतो, त्याला नॉकर म्हणतात. पण फुकट डावांचेही पैसे करणारे निघाले. साठलेले डाव बारवाला रोखीत फेडायचा आणि एक बटण दाबून मशीनवरची ती संख्या शून्य करायचा. बॅलीची बिंगो प्रकारची मशिनं यासाठी प्रसिद्ध होती. १९५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मशिनांना जुगाराचं साधन ठरवलं. काही राज्यांत आणि इटलीत रीप्लेही चालत नव्हता, तेव्हा गॉटलीबने १९६० साली ‘फ्लिपर’ नावाच्या मशीनवर तोडगा काढला: बक्षीस फुकट डावाचं नाही, त्याच डावात एक जादा चेंडू. कायद्याची एक ओळ बदलली की खेळाचं यंत्र बदलतं, हे पिनबॉलमध्ये पुन्हा पुन्हा दिसतं.

आणि फ्लिपर. १९४७ साली गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’मध्ये हॅरी मॅब्सने तो पहिल्यांदा बसवला. सहा फ्लिपर, प्रत्येक बाजूला तीन, आणि आजच्या उलट, बाहेरच्या बाजूला तोंड केलेले. ताकद बेताचीच, चेंडू वरपर्यंत न्यायचा तर एका फ्लिपरवरून दुसऱ्यावर चढवत न्यावा लागे. दुसऱ्याच वर्षी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेकने ‘ट्रिपल अ‍ॅक्शन’मध्ये फक्त दोनच फ्लिपर ठेवले, अगदी तळाशी, आणि त्यांना जोर दिला. जेन्को काटकसरी कंपनी होती. सहाऐवजी दोन म्हणजे खर्चातही बचत. त्यातूनच पिनबॉलचं आजचं रूप ठरलं. कॉर्डेक पुढे विल्यम्समध्ये अनेक दशकं काम करत राहिला आणि २०१२ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी गेला. या उद्योगातलं सर्वांत मोठं नाव कोणतं असं मला कोणी विचारलं तर मी त्याचंच घेईन.

फ्लिपरच्या आत काय आहे ते सांगतो, कारण मला ते यंत्रातलं सगळ्यांत सुंदर अंग वाटतं. एकाच कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, कमी वेढ्यांची. ती जबरदस्त झटका देते, पण सतत चालू राहिली तर काही सेकंदांत जळेल. दुसरी बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची. तिच्यात जोर नाही, पण उचललेला फ्लिपर ती तसाच धरून ठेवते आणि फारशी तापत नाही. बटण दाबलं की आधी झटका, आणि फ्लिपर वर पोहोचताच त्याच्याच यंत्रणेतला एक छोटा स्विच उघडतो आणि विजेची वाट बारीक गुंडाळीकडे वळते. हा स्विच उघडला नाही तर कॉइल जळते. नीट बंद होत नसेल तर फ्लिपर लुळा पडतो. ‘माझ्या मशीनमध्ये आता दम राहिला नाही’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं या स्विचच्या दोन काळवंडलेल्या टोकांत असतं. १९९२पासून विल्यम्सने हे काम संगणकाकडे दिलं, पण दोन टप्प्यांची कल्पना तीच आहे.

फ्लिपर आल्यावर खेळ कौशल्याचा झाला, तरी कायदा तीस वर्षं मागेच राहिला. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली लॉस एंजेलिसची बंदी रद्द ठरवली. न्यूयॉर्कची गोष्ट सर्वांना आवडते, आणि ती खरी आहे. एप्रिल १९७६मध्ये रॉजर शार्प नावाचा तरुण पत्रकार नगर परिषदेच्या समितीसमोर साक्षीला उभा राहिला आणि तिथे आणलेल्या मशीनवर खेळून दाखवू लागला. तरी सदस्यांची शंका जाईना. तेव्हा त्याने प्लंजर ओढण्याआधी सांगितलं की चेंडू वरच्या मधल्या वाटेतून जाईल. चेंडू तिथूनच गेला. बंदी उठली. त्या एका फटक्यात नशिबाचा थोडा वाटा असल्याचं शार्पनेही पुढे मान्य केलं, पण युक्तिवाद बरोबरच होता.

नेमक्या याच वर्षांत यंत्र आतून बदललं. तोवरची मशिनं विजेवर चालणारी पण इलेक्ट्रॉनिक्स नसलेली: रिले म्हणजे विजेने उघडझाप करणारे स्विच, पायरीपायरीने पुढे सरकणारे स्टेपर, गुण मोजताना घरघरत फिरणारी स्कोअर मोटर, आणि त्यांना जोडणारे तारांचे जुडगे. ते जुडगे कारखान्यात फळीवर खिळे ठोकून, त्यांच्याभोवती एकेक रंगाची तार फिरवून बांधले जात. १९७७पासून मोठ्या कंपन्या मायक्रोप्रोसेसरकडे वळल्या. बॅलीचं ‘एट बॉल’ वीस हजारांवर खपलं. १९७९ साली विल्यम्सचं ‘गॉर्गार’ बोलू लागलं, आणि पुढच्या वर्षी डिझायनर स्टीव्ह रिचीच्या ‘ब्लॅक नाइट’ने दुमजली पटांगण आणलं. पटांगण म्हणजे काचेखालची, चेंडू जिच्यावर फिरतो ती फळी. लोकांना आवाज दिसला. ऑपरेटरला वेगळंच दिसलं. मशीन आता स्वतःच सांगत होतं की कोणता स्विच बिघडलाय, आज किती डाव झाले, किती फुकट गेले. दोन तास सर्किटचा नकाशा चाळण्याचं काम पाच मिनिटांवर आलं.

मग व्हिडिओ गेम आले. ‘स्पेस इन्व्हेडर्स’, ‘पॅक-मॅन’. ऑपरेटरचं गणित सरळ होतं: व्हिडिओ गेमच्या पेटीत हलणारं असं काहीच नाही, फक्त जॉयस्टिक आणि बटणं. पिनबॉलमध्ये ऐंशी ग्रॅमचा पोलादी चेंडू दिवसभर प्लास्टिक, रबर आणि लाकडावर आदळत असतो. तेवढ्याच जागेत व्हिडिओ गेम जास्त कमावतो आणि बिघडतो कमी. अमेरिकेत ‘पॅक-मॅन’ विकणारी मिडवे कंपनी बॅलीचीच होती, म्हणजे पिनबॉलला मागे टाकणारा माल त्याच घरातून निघत होता. कोलंबिया पिक्चर्सच्या ताब्यात गेलेली गॉटलीब १९८४ साली बंद पडली आणि दुसऱ्या मालकाखाली प्रीमियर या नावाने कशीबशी पुन्हा सुरू झाली.

तेव्हाही धंदा संपला असंच सगळे म्हणत होते. पण व्हिडिओ गेमचा फुगाही फुटला आणि विल्यम्सने १९८४च्या ‘स्पेस शटल’ने पुन्हा उभारी धरली. १९८६ साली रिचीचं ‘हाय स्पीड’ आलं. पोलिसांच्या पाठलागाची गोष्ट असलेलं हे मशीन सतरा हजारांवर खपलं. त्यात एक गोष्ट होती जिच्याकडे खेळणाऱ्यांचं लक्ष गेलं नाही: फुकट डावासाठी लागणारे गुण मशीन स्वतः ठरवायचं. त्या जागेचे खेळाडू तयारीचे असतील तर आकडा वर, नवखे असतील तर खाली, जेणेकरून फुकट डावांचं प्रमाण ऑपरेटरने ठरवलं तेवढंच राहील. १९८८ साली विल्यम्सने बॅलीचा पिनबॉल विभागही घेतला. १९९२ साली पॅट लॉलर आणि लॅरी डिमार यांचं ‘द अ‍ॅडम्स फॅमिली’ २०,२७० खपलं. इलेक्ट्रॉनिक मशिनांत इतकं खपलेलं दुसरं नाही. १९९३च्या सुमारास सगळ्या कंपन्यांची मिळून वर्षाला एक लाखाहून अधिक मशिनं निघत होती.

आणि सहा वर्षांत सगळं कोसळलं. का, याचं उत्तर लोक बहुतेकदा ‘घरात प्लेस्टेशन आलं’ असं देतात. ते खरं आहे, पण अर्धंच. माझ्या मते खरा घाव आतला होता. १९९०च्या दशकात मशिनं अधिकाधिक गुंतागुंतीची होत गेली, कारण पट्टीचे खेळाडू तेच मागत होते. जास्त रॅम्प, जास्त मोटरी, जास्त खेळणी, म्हणजे जास्त किंमत आणि जास्त बिघाड. पण नाण्याची किंमत काही तेवढी वाढली नाही. डाव पन्नास सेंटच्या आसपासच राहिला. ऑपरेटरला मशीनची किंमत वसूल व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काळ लागू लागला. मग त्याने देखभाल कमी केली. एक फ्लिपर लुळा, दोन दिवे गेलेले, काच मळलेली: असं मशीन पाहून नवखा माणूस एकदा नाणं टाकतो, पुन्हा नाही. गल्ला आणखी रिकामा, देखभाल आणखी कमी. या घसरणीला बाहेरच्या शत्रूची गरज नव्हती.

प्रीमियर १९९६ साली बंद झाली. त्याच सुमारास कॅपकॉमने पिनबॉल विभाग आवरता घेतला. विल्यम्सने शेवटचा मोठा डाव खेळला: ‘पिनबॉल २०००’. वरच्या पडद्याचं चित्र काचेवर परावर्तित होऊन खऱ्या पटांगणावर तरंगल्यासारखं दिसायचं आणि चेंडू त्या चित्रातल्या शत्रूंवर आदळायचा. जॉर्ज गोमेझ, पॅट लॉलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जिद्दीने उभं केलं. पहिलं मशीन, ‘रिव्हेंज फ्रॉम मार्स’, बऱ्यापैकी खपलंही. पण त्याच कंपनीत कॅसिनोच्या स्लॉट मशिनांचा विभाग होता आणि तिथला नफा पिनबॉलच्या कितीतरी पट होता. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी विल्यम्सने पिनबॉल बंद केला. मला या घटनेतली सर्वांत बोचणारी गोष्ट ही वाटते: जुगाराच्या संशयापायी चाळीस वर्षं छळलेल्या खेळाला शेवटी खऱ्या जुगाराच्या यंत्रांनी जागेवरून उठवलं.

उरले गॅरी स्टर्न. त्यांचे वडील सॅम स्टर्न एकेकाळी विल्यम्सचे भागीदार होते. गॅरींनी चालवलेली डेटा ईस्टची पिनबॉल कंपनी १९९४ साली सेगाने घेतली होती. १९९९ साली सेगानेही हात झटकले तेव्हा त्यांनी ती स्वतः घेतली आणि स्टर्न पिनबॉल हे नाव दिलं. पुढची दहाएक वर्षं मोठ्या प्रमाणात पिनबॉल बनवणारी जगात ही जवळजवळ एकटीच कंपनी. ती बंद झाली असती तर कॉइल गुंडाळणारे, कॅबिनेट बनवणारे, तारा बांधणारे सगळेच पांगले असते आणि आजचं पुनरागमन शक्य झालं नसतं. स्टर्नच्या त्या काळातल्या काही मशिनांवर काटकसरीची टीका होते. मला ती टीका पटत नाही. त्या काटकसरीनेच कारखान्याचे दिवे चालू ठेवले.

गल्ल्याची किल्ली याच काळात हळूच दुसऱ्या हातात गेली. १९८० आणि ९०च्या दशकांत खेळलेली मुलं मोठी झाली, कमावती झाली, आणि तळघरात स्वतःचं मशीन ठेवू लागली. पिनबॉल विकत घेणारा आणि खेळणारा माणूस बऱ्याच प्रमाणात एकच झाला. २०११ साली न्यू जर्सीत जॅक ग्वार्निएरी यांनी जर्सी जॅक पिनबॉल काढली ती याच ग्राहकासाठी. त्यांचं ‘विझार्ड ऑफ ऑझ’ २०१३ साली मोठ्या एलसीडी पडद्यासह आलं, आणि ती कंपनीही पुढे शिकागोच्या उपनगरात आली. विस्कॉन्सिनची स्पूकी, शिकागोजवळची अमेरिकन पिनबॉल अशी आणखी नावं जोडली गेली. स्टर्नच्या साध्या मॉडेलची किंमत आज सात हजार डॉलरच्या आसपास, मर्यादित आवृत्तीची तेरा हजारांच्या घरात. ‘लाखो रुपये कोण देतं’ याचं उत्तर हे: ज्याने लहानपणी नाणी टाकली तोच.

त्याचा परिणाम डिझाइनवर दिसतो. घरात नाणं पडायचं नसतं, म्हणून डाव तीन मिनिटांत संपण्याची गरज नाही. नियम इतके खोल की महिनोन्‌महिने उलगडत राहावेत. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून सुधारत जातं. २०२१पासून स्टर्नची मशिनं खेळाडूचं खातं ओळखून त्याचे गुण साठवतात. घरच्यांना हे हवंच असतं. मला मात्र जुन्या शिस्तीची किंमत जास्त वाटते. १९६०च्या दशकातल्या गॉटलीबच्या मशीनसमोर वेन नेयन्सचं डिझाइन आणि रॉय पार्करची चित्रं पाहत उभं राहा: कोणीही न सांगता अर्ध्या मिनिटात कळतं की काय साधायचंय, आणि ते आयुष्यभर पूर्णपणे साधत नाही. बारमध्ये सहज आलेल्या माणसाला आजच्या कित्येक मशिनांसमोर हे कळत नाही. स्पर्धांमुळे आणि पुन्हा सुरू झालेल्या पिनबॉलच्या बारमुळे नव्या डिझाइनमध्ये सोपेपणा परत येतोय, हे मला आश्वासक वाटतं.

आता पुण्यातलं मशीन. आधी गुण कसे दिसतात ते पाहा. आकड्यांची चाकं फिरत असतील तर ते रिलेवालं, नारिंगी उजळणारे आकडे असतील तर सुरुवातीचं इलेक्ट्रॉनिक.

दोन्हींत पहिली पाहायची गोष्ट म्हणजे मागची चित्रांची काच आणि खालचं पटांगण. वीज दुरुस्त होते, चित्र परत येत नाही. काचेचा रंग मागून पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर तिला ओलं फडकं अजिबात लावू नका, रंग हातात येईल. पटांगण प्लायवूडचं असतं. आपल्या पावसाळ्यात ते फुगतं आणि त्यात बसवलेल्या प्लास्टिकच्या रंगीत चकत्या वर उचलल्या जातात. त्यावरून बोट फिरवून पाहा. कोकणात किंवा मुंबईत राहून आलेलं मशीन असेल तर वाळवीसाठी कॅबिनेटचा तळही तपासा.

अमेरिकन मशीन ११५ व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टला ते थेट लावलं तर ट्रान्सफॉर्मर गेलाच, म्हणून पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्या. शिवाय अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५०. रिलेवाल्या मशीनची स्कोअर मोटर त्यामुळे जरा सावकाश फिरेल आणि ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापेल. हे चालण्यासारखं आहे, पण तासन्‌तास चालू ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक असेल तर मागच्या पेटीतल्या मुख्य बोर्डवरची बॅटरी पाहा. तिच्याभोवती हिरवट-पांढरा थर असेल तर तो क्षार तांब्याच्या रेषा खात गेलेला असतो, आणि ती दुरुस्ती सरावाशिवाय जमत नाही. त्या नारिंगी आकड्यांमागे दीडशे व्होल्टहून जास्त दाब असतो, तेव्हा मशीन चालू असताना तिथे हात घालू नका.

कॉइलमध्ये तेल घालू नका. हा सल्ला प्रत्येक काका देतात आणि तो चुकीचा आहे. तेल धूळ धरतं, त्याचा चिकटा होतो आणि कॉइलच्या आत सरकणारा लोखंडी दांडा अडकतो. आतली नायलॉनची नळी बदलली की काम भागतं. रिलेची काळवंडलेली टोकं बारीक कानशीने हलकी घासा, पण चेंडूने लागणारे, सोन्याचा मुलामा असलेले छोटे स्विच कधीही घासू नका. कोरं व्हिजिटिंग कार्ड दोन टोकांमधून ओढलं की पुरतं. रबरी रिंगा, चेंडू, नळ्या, फ्लिपरचे संच आजही नवे बनतात आणि मागवता येतात. रिलेवाल्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर किंवा स्कोअर मोटर मात्र जुन्या मशीनमधूनच काढावी लागते, तेव्हा त्या दोन गोष्टी जागेवर आहेत ना हे पैसे देण्याआधी पाहा.

वजन शंभर किलोच्या पुढे असतं. वरची पेटी वेगळी निघते. तिचे बोल्ट आणि जोडणीचे मोठे प्लग सोडवूनच जिन्यावरून न्या, आणि चेंडू आधी बाहेर काढा, नाहीतर प्रवासात तो आतून सगळं फोडत जातो. घरी आणल्यावर लगेच वीज देऊ नका. सगळे फ्यूज काढून त्यांचे आकडे खाली छापलेल्या आकड्यांशी जुळवा. जुन्या मालकाने फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली असण्याची शक्यता खूप असते. तार दिसली तर वीज अजिबात देऊ नका, ती का गुंडाळावी लागली ते आधी शोधा. पाय समपातळीत आणून पटांगणाला साधारण साडेसहा अंशांचा उतार द्या, इलेक्ट्रॉनिकला तेवढा लागतो. जुन्या रिलेवाल्यांना त्याहून कमी चालतो.

पटांगणाच्या खालच्या कार्डावर किंवा मागच्या काचेवर मशीनचं नाव आणि कंपनी असते. ते कळवा, आणि आत एखादा घडी घातलेला पिवळा पडलेला कागद असेल तर तो फेकू नका. तो सर्किटचा नकाशा आहे, आणि रिलेवाल्या मशीनला त्याशिवाय हात लावण्यात अर्थ नाही.